बहिऱ्याची रांग

“किटली पंधरा मिनिटं शिट्टी मारत होती, फादर,” फादर मेल्विन तिसऱ्यांदा म्हणाले. “पंधरा मिनिटं.”

टेबलाच्या पलीकडे बसलेले फादर इनास हसले आणि त्यांनी मान हलवली. म्हणजे त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. ऐकू आलं असतं तर ते हसले नसते, कारण त्यांच्या मागे खिडकीचा अर्धा जळलेला पडदा लोंबत होता आणि स्वयंपाकघरात अजून धुराचा वास होता.

तो राखेचा बुधवार होता, उपवासकाळाचा पहिला दिवस. सकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, दोघांनी मिळून साऱ्या सांडोळी गावाच्या कपाळांना राख लावली होती आणि दोघांचेही अंगठे अजून काळे होते. मी एक पुस्तक परत करायला आले होते. बी.एस्सी. होऊन मला आठ महिने झाले होते. विषय भौतिकशास्त्र, वर्ग पहिला, आणि पुढे काय करायचं याचा पत्ता नाही.

“एल्विना, तूच सांग त्यांना,” फादर मेल्विन म्हणाले. “ईस्टर झाला की त्यांची वसईच्या बाहेर निवृत्त धर्मगुरूंच्या आश्रमात सोय होतेय. चांगली जागा आहे. डॉक्टर आहे, लिफ्ट आहे. आज पडदा जळला, उद्या काही झालं तर मी बिशपसाहेबांना काय सांगू?”

फादर मेल्विन वाईट माणूस नव्हते. चाळिशीचे होते, आमच्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू होते आणि गोष्टी वेळेवर व्हाव्यात असं त्यांना वाटे. उपवासकाळाचे चाळीसही दिवस पहाटे पाच वाजता ते ‘आजचे चिंतन’ गावच्या ग्रुपवर पाठवत, आणि एकदाही पाच वाजून एक मिनिट झालं नाही.

मी उठून फादर इनासांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ते त्यांना समजलं. त्यांनी वळून पडद्याकडे बघितलं.

“लिफ्ट आहे म्हणतो?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“एकतीस वर्षं आहे मी इथे. आश्रमात सगळे फादरच. तिथे कोण कुणाला पापं सांगणार?”

मी फादर मेल्विनना विचारलं, “त्यांना नीट ऐकू यायला लागलं तर?”

“मग प्रश्नच मिटला. मीच पत्र लिहीन, राहू द्या म्हणून.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने मी दहावीत असताना मला आपली दुर्बीण दिली होती आणि ती परत मागितली नव्हती. त्यामुळे काय करायचं हे मी दारातून बाहेर पडायच्या आत ठरवलं.

*

आता बहिऱ्याच्या रांगेबद्दल सांगायला हवं.

पवित्र सप्ताहातल्या मंगळवारी आमच्या चर्चमध्ये पापनिवेदनाचा कार्यक्रम असतो. ईस्टरच्या आधी प्रत्येकाने आपली पापं सांगून मोकळं व्हायचं. आता ज्यांच्यासोबत वर्षभर बैठका घ्यायच्या, ज्यांना जेवायला बोलवायचं, त्या आपल्याच फादरांना आपली पापं कोण सांगणार? म्हणून बाहेरगावचे पाच-सहा फादर येतात, चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात खुर्च्या टाकून बसतात, आणि ज्याला जो परका वाटेल त्याच्याकडे तो जातो. अशी साधी योजना आहे.

पण सांडोळीत एक रांग वेगळीच असे. संत अंतोनीच्या पुतळ्याजवळ जुनी लाकडी पेटी आहे. आत मधोमध फादर बसतात, बाजूला जाळी, जाळीबाहेर गुडघे टेकायला फळी. त्या पेटीत फादर इनास बसत आणि त्यांची रांग चर्चच्या दाराबाहेर ग्रोटोपर्यंत, अंगणातल्या मारियामातेच्या गुहेपर्यंत, जाई. एका वर्षी मी मोजली होती. त्यांच्याकडे एकशे बारा माणसं, बाकीच्या पाच फादरांकडे मिळून एकशे चार. लोक उघडपणे तिला बहिऱ्याची रांग म्हणत.

“देव ऐकतो, तेवढं पुरे,” आमचे शेजारी बास्त्यावकाका म्हणत. “मध्ये आणखी कोणी ऐकायची काय गरज?”

फादर बहिरे आहेत याचे पुरावेही गावाकडे भरपूर होते. प्रायश्चित्त म्हणून ते प्रत्येकाला तीन ‘नमो मारिया’ सांगत, आणि वर काहीतरी विचित्र जोडत. बास्त्यावकाकांचा किस्सा प्रसिद्ध होता. “मी सांगितलं, फादर, उपवासाच्या शुक्रवारी कोंबडी खाल्ली. तर म्हणतात, तीन नमो मारिया, आणि भावाच्या घरी केळ्याचा घड नेऊन दे. कोंबडीचा आणि केळ्याचा संबंध काय? पण म्हटलं, सांगितलंय तर देऊ.” काकांचं आणि त्यांच्या भावाचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. घड दिल्यावर बोलायला लागले.

माझ्या आईचा किस्साही तसाच. तिने बाजारात खोटं बोलल्याचं पाप सांगितलं, तर तिला प्रायश्चित्त मिळालं, रोज रोझरीची माळ जपून झाली की पोरीशी पाच मिनिटं बोल, प्रार्थनेचं सोडून काहीही. आई आज्ञाधारक. आमच्याकडे साडेसातला रोझरी सुरू होई, आठला संपे, मग ती मेणबत्ती विझवून माझ्यासमोर बसे आणि परीक्षेला बसल्यासारखं विचारे, “मग? आज काय?” पहिले काही आठवडे आम्ही दोघींनी घड्याळाकडे बघत ती पाच मिनिटं काढली. पुढे ती वीस-पंचवीस मिनिटं होऊ लागली. वर्ष झालं तरी ते बंद झालं नव्हतं. रोझरीपेक्षा मला तेच बरं वाटे.

मी स्वतः सतरा वर्षांची असताना त्या रांगेत उभी राहिले होते. जाळीपाशी मी जे कुजबुजले ते जगात दुसऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि समोरचा बहिरा आहे म्हणूनच सांगितलं. आतून उत्तर आलं, “तीन नमो मारिया. नाही जमलं तर तेवढा वेळ आभाळाकडे बघ.” मी हसू दाबत बाहेर आले. सगळ्यांसारखंच मलाही काहीतरी भलतंच मिळालं होतं.

*

कॉलेजातली माझ्या दोन वर्षं पुढची एक मुलगी मुंबईत श्रवणतज्ज्ञ झाली होती. तिने फादरांना तपासलं. त्यांच्या कानांवर मोठे हेडफोन चढवून तिने सांगितलं, “अगदी बारीक आवाज आला तरी हात वर करायचा.” फादर इनास शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले. डाव्या कानाला त्यांचा हात क्वचितच वर गेला. उजव्या कानाला बऱ्यापैकी जात होता.

तिने मला आलेखाचा कागद दिला. “डावा कान जवळजवळ गेलाय. उजवा तेवढा वाईट नाही, सरासरी पस्तीस डेसिबल. अगदी जवळून, शांत जागी कुणी बोललं तर त्यांना यंत्राशिवायही समजत असणार. लांबचं आणि गोंगाटातलं मात्र नाही.”

“पण यंत्राने सगळं ऐकू येईल ना? किटली वगैरे?”

“किटली नक्की.”

मला किटलीच हवी होती. कागद मी तरंग आणि आंदोलने या विषयाच्या पुस्तकात ठेवला आणि तिने चाचणीसाठी दिलेलं कानामागचं यंत्र घेऊन आम्ही गावी परतलो.

पुढचे दोन दिवस फादर इनास जगाची तपासणी करत फिरले. “हा पंखा असाच वाजतो?” “माझा झगा चालताना एवढा आवाज करतो? कुणी सांगितलं का नाही?” उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी फादर मेल्विननी मिस्सा संपताना जाहीर केलं, “आनंदाची बातमी. आपल्या एल्विनाच्या प्रयत्नांनी फादर इनासना आता सगळं स्वच्छ ऐकू येतं.”

टाळ्या झाल्या. फादरांनी दचकून कान धरला. मी पहिल्या बाकावर बसून त्या टाळ्या स्वीकारल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे चेहरे हातांना साथ देत नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही.

उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी ‘क्रुसाची वाट’ ही प्रार्थना झाली की फादर इनास तासभर पेटीत बसत. एरवी पंधरा-वीस जण येत. त्या शुक्रवारी कुणीही आलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी एक बाई आल्या, पण त्यांना संत अंतोनीपुढे मेणबत्ती लावायची होती. फादर पूर्ण तासभर आत बसून राहिले. तास झाल्यावर बाहेर आले आणि मला म्हणाले, “घड्याळाची टिकटिक ऐकू येते आता. छान आहे यंत्र.”

दुसऱ्या दिवशी बास्त्यावकाकांनी मला कुंपणापाशी गाठलं.

“एल्वी, तुला डिग्री कुणी दिली गं?”

“विद्यापीठाने. का?”

“त्यांना विचार, परत घेतात का. एकशे बारा माणसांची सोय होती गावात. कुणाचं काही बिघडलं होतं?”

“काका, फादरांना आश्रमात पाठवायला निघाले होते.”

“मग आम्हाला सांगायचं होतंस. आम्ही बिशपकडे गेलो असतो.”

“काय सांगायला? आम्हाला बहिरेच फादर हवेत म्हणून?”

काकांनी थोडा विचार केला. “शब्द फिरवले असते जरा,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी रोझरीनंतरच्या पाच मिनिटांत मी आईला विचारलं, “तू यंदा कुणाकडे जाणार?”

“बघू. बाहेरचे कोणीतरी असतील.” ती मेणबत्तीचं मेण नखाने काढत होती. “तू चांगल्यासाठीच केलंस. पण विचारायचं तरी.”

“कुणाला? फादरांना विचारलं होतं.”

“आम्हाला. पापं आमची असतात.” मग म्हणाली, “आणि किटलीचं एवढं होतं तर आपोआप बंद होणारी मिळते ना हल्ली? शेजारच्या रोझलीनच्या घरी आहे. किटली बदलायची सोडून माणूस बदलायला निघालात.”

प्रथम वर्गातल्या पदवीधराला हे सुचलं नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी फादर मेल्विननी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज खरोखरच खिन्न होता. “ऐकू येतं, मान्य. पण एल्विना, आता त्यांच्याकडे कुणीच येत नाही. रिकाम्या पेटीत बसवून मी त्यांना इथे ठेवायचं? आश्रमात निदान सोबत तरी असेल. ईस्टरनंतरच्या मंगळवारी गाडी सांगितली आहे.”

म्हणजे ऐकू येत नाही म्हणून ते जाणार होते, आणि आता ऐकू येतं म्हणूनही जाणार होते. मधला बदल माझा होता.

मी सरळ फादर इनासांकडे गेले. ते अंगणात जुन्या झावळ्या निवडत होते.

“फादर, यंत्र बिघडलं असं सांगू या.”

“बिघडलंय?”

“नाही.”

“मग खोटं बोलायचं? उपवासकाळात?”

“ईस्टरनंतर बोलून उपयोग नाही.”

ते हसले. “मी इथे एकतीस वर्षांत कुणाशी खोटं बोललो नाही, पोरी. आता जाता जाता कशाला.”

*

मंगळवार आला. त्या पहाटेचं चिंतन ‘ऐकणे’ या विषयावर होतं. ‘जो प्रभूचा आवाज ऐकतो तो कधी एकटा पडत नाही.’ आईने ते मोठ्याने वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी बाहेरगावचे सहा फादर आले. सहा रांगा लागल्या, सगळ्या सारख्या, सगळ्या अवघडलेल्या. संत अंतोनीजवळच्या पेटीत फादर इनास जांभळी पट्टी गळ्यात घालून बसले होते. पेटीचं अर्धं दार उघडं होतं. समोर कुणी नव्हतं. मी खांबाशी उभी राहून वेळ मोजत होते. वीस मिनिटं झाली.

तेवढ्यात बास्त्यावकाका आपली रांग सोडून निघाले. त्यांचा नंबर जवळ आला होता, आणि तिथले तरुण फादर प्रत्येकाला चार-चार प्रश्न विचारत आहेत हे त्यांनी पाहिलं होतं. काका पेटीसमोर येऊन उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवून, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“फादर, ते यंत्र काढा की.”

सगळं चर्च थबकलं. फादर इनासांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. त्यांनी यंत्र काढलं आणि दारातून हात बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

“काढलं,” ते म्हणाले. “पण बास्त्याव, हे काढलं तरी मला ऐकू येतं बरं का.”

चर्चमध्ये हशा पिकला. पापनिवेदनाच्या संध्याकाळी इतकं मोठं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. “आमचे फादर ते आमचे फादर,” कुणीतरी म्हणालं. आणि लोक निघाले. आधी म्हाताऱ्या बायका, मग पुरुष, मग तरुण मुलं. सहा रांगा वितळल्या आणि एकच रांग दाराबाहेर गेली. बाहेरगावचे फादर एकमेकांकडे बघत राहिले.

माझ्या मुठीत यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. चालू यंत्र मुठीत धरलं की त्याचाच आवाज त्याच्यात शिरतो आणि ते किंचाळतं. ते बंद करताना मी पेटीकडे बघत होते. काका गुडघे टेकून जाळीला चिकटले होते. जाळीच्या आत फादरांचा कान होता. उजवा कान. पेटी तशीच बांधलेली आहे.

मग मी जे महिन्याभरापूर्वी करायला हवं होतं ते गणित केलं. कुजबुज मीटरभर अंतरावर तीस डेसिबल. अंतर निम्मं झालं की सहा डेसिबल वाढतात. अर्धा मीटर, छत्तीस. पाव मीटर, बेचाळीस. जाळीपासून कानापर्यंत अर्धी वीत, म्हणजे अठ्ठेचाळीस. आणि उजव्या कानाला पस्तीसच्या पुढचं सगळं ऐकू येत होतं. साऱ्या सांडोळीत त्या पेटीइतकी शांत आणि जवळची जागा दुसरी नव्हती.

कोंबडी आणि केळ्याचा घड यांचा संबंध नव्हता, कारण बास्त्यावकाकांनी कोंबडीचं पाप सांगितलंच नव्हतं. ते फक्त आम्हाला सांगितलं होतं. आत त्यांनी भावाबद्दल सांगितलं होतं. ज्याला सारं गाव बहिरेपणाचा पुरावा समजत होतं, ते प्रत्येक प्रायश्चित्त अचूक होतं. चुकीची होती ती आम्ही एकमेकांना सांगितलेली पापं. आणि मी, जिने रांगेतली डोकी मोजली होती, तिने हा साधा तर्क केला नव्हता.

मग आईची पाळी आली. ती गुडघ्यांवर बसली, पदर डोक्यावर घेतला, जाळीशी वाकली. मी तोंड फिरवलं. बाजारात खोटं बोलणाऱ्या बाईला पोरीशी रोज पाच मिनिटं बोलायला कोण सांगेल? तिने आत काय सांगितलं असेल हे मला कळलं, आणि ते मला कळायला नको होतं.

कधीतरी फादर मेल्विन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी रांग नजरेने मोजली.

“यंत्र बिघडलं का?”

“नाही, फादर. माझ्याकडे आहे.”

“मग हे काय?”

माझ्याकडे उत्तर होतं. आलेखासकट होतं. ते सांगितलं असतं तर फादर मेल्विनना खरं कळलं असतं, आणि सकाळपर्यंत गावाला. मग पेटी पुन्हा रिकामी, आणि या वेळी कायमची. मी शिकले होते की निरीक्षण लपवणं ही विज्ञानातली सगळ्यात मोठी लबाडी.

“लोकांना ते असेच हवेत,” मी म्हणाले.

फादर मेल्विननी घड्याळ पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.

मी त्यांच्या मागे. माझ्यामागे कोणी नव्हतं.

फादर मेल्विन जाळीपाशी अकरा मिनिटं होते. उठले तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “गाडी रद्द करतो.” आणि दोन पावलं गेल्यावर, “बिचाऱ्यांना काहीच ऐकू येत नाही.”

मी गुडघे टेकले. जाळीतून मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास आला. मी शक्य तितक्या हळू, ओठही नीट न उघडता म्हणाले, “फादर, तुम्हाला सगळं ऐकू येतं.”

आत लाकूड करकरलं.

“मी कधी कुणाला सांगितलं, येत नाही म्हणून?” फादर इनास म्हणाले.

“मी सतरा वर्षांची असताना...”

“ते मला विचारू नकोस. आजचं काय ते बोल.”

आजचं मी सांगितलं. न विचारता केलेली दुरुस्ती सांगितली, स्वीकारलेल्या टाळ्या सांगितल्या. शेवटी म्हणाले, “आणि जुनं आहे ते अजून तसंच आहे, फादर. रोझरीत मी नुसते ओठ हलवते.”

“हलव,” ते म्हणाले. “आईला बरं वाटतं. तीन नमो मारिया. नाही जमलं तर आभाळ आहेच. आणि तो आलेखाचा कागद पुस्तकातच राहू दे.”

*

ईस्टरनंतर फादरांच्या बंगल्यात आपोआप बंद होणारी किटली आली. यंत्र मी परत करायला मुंबईला गेले आणि येताना श्रवणशास्त्राच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन आले. आता नऊ वर्षं झाली. रोज माझ्यासमोर माणसं हेडफोन लावून बसतात आणि बारीक आवाज आला की हात वर करतात.

फादर इनास आणखी सात वर्षं पेटीत बसले. ते गेले तेव्हा ग्रोटोपर्यंत रांग होती. मातीनंतर लोक अंगणात उभे राहून त्यांच्या प्रायश्चित्तांचे किस्से सांगत होते, हसत होते आणि डोळे पुसत होते. बास्त्यावकाकांनी कोंबडीची आणि केळ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांचा भाऊ त्यांच्या हाताला धरून उभा होता आणि सगळ्यात जास्त तोच हसत होता.

“देवमाणूस,” काका माझ्याकडे वळून म्हणाले. “पण ठार बहिरा. तुला तर माहीतच आहे, तू तपासलं होतंस.”

“हो, काका,” मी म्हणाले. “मी तपासलं होतं.”